रस्ता बांधणाऱ्या संताच्या वाटेवर

स्पेनमध्ये रस्ते आणि पूल बांधणाऱ्या इंजिनिअरांना त्यांचा स्वतःचा संत आहे. सान्तो दोमिंगो दे ला काल्सादा हे त्याचं नाव आणि 12 मे हा त्याचा दिवस. अकराव्या शतकातल्या या माणसाला साधू व्हायचं होतं. त्याने दोन मठांचे उंबरठे झिजवले आणि दोन्हीकडून त्याला परत पाठवण्यात आलं. मग तो ओखा नदीकाठच्या रानात झोपडी घालून एकटा राहू लागला. समोरून यात्रेकरू जायचे. रान दाट, वाट चिखलाची, नदीला धड उतार नाही. जपतप बाजूला ठेवून त्याने कुऱ्हाड उचलली. झाडं तोडून वाट रुंद केली, तिच्यावर दगड बसवले, नदीवर पूल घातला आणि पुलाशेजारी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारली. 1109 मध्ये तो वारला तोवर झोपडीभोवती वस्ती झाली होती. आज तिथे त्याच्याच नावाचं गाव आहे.

हे मला सांगितलं माझ्या वसईकर मित्राने. सरकारी बांधकाम खात्यात आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून म्हातारे झालो. निवृत्तीनंतर एके दिवशी त्याचा फोन आला. "ऐक, आमच्यात रस्ता केला म्हणूनसुद्धा संतपद मिळतं."

"आपल्याकडे रस्ता केला की चौकशी लागते," मी म्हटलं.

तो मूळचा आगाशीचा. त्याच्या गावचं चर्च सेंट जेम्सचं. हा सेंट जेम्स म्हणजे मराठी बायबलातला याकोब, जब्दीचा मुलगा, गालील समुद्रात जाळी टाकणारा कोळी आणि येशूच्या बारा शिष्यांपैकी एक. स्पॅनिश लोक त्याला सान्तियागो म्हणतात. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात सान्तियागो दे कॉम्पोस्तेला या शहरात त्याचं थडगं आहे अशी श्रद्धा आहे, आणि हजारेक वर्षं युरोपभरातून माणसं तिथे चालत येतात. वाटा अनेक आहेत, पण सगळ्यात मळलेली ती फ्रेंच वाट, कामिनो फ्रान्सेस. पिरेनीज पर्वताच्या फ्रेंच बाजूने निघालं तर ती सुमारे 780 किलोमीटर भरते. माझ्या मित्राला लहानपणापासून ज्याच्या सणाला नवे कपडे मिळायचे, त्या संताच्या थडग्यापर्यंत चालत जायचं होतं. मी त्याच्याबरोबर निघालो तो रस्ता बघायला. डोंगर टाळून पाम्प्लोना शहरापासून सुरुवात केली, तरी पुढे सातशेच्या आसपास किलोमीटर उरतातच.

निघताना एक घडीचं पुस्तक मिळतं, क्रेदेन्सियाल. मुक्कामाला, चर्चमध्ये, चहाच्या टपरीवरसुद्धा त्यावर शिक्का मारून घ्यायचा. हे दाखवलं की यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, म्हणजे आल्बेर्गेत, पलंग मिळतो. पलंग एकावर एक, एका खोलीत वीस-तीस माणसं, रात्री दहाला दिवे बंद. घोरण्याला देश नसतो हे पहिल्या रात्रीच कळतं. सकाळी सहाच्या आधी प्लास्टिकच्या पिशव्यांची खसफस सुरू होते आणि जो तो अंधारात आपले मोजे शोधत असतो.

खाण्याचं थोडं सांगून टाकतो, कारण घरून सगळ्यांनी तेच विचारलं. मी शाकाहारी. सॅलड मागवलं की त्यावर ट्यूना माशाचा ढीग येतो, कारण तिथे मासा ही बहुतेक भाजीच असावी. तारण झालं ते बटाट्याच्या जाड ऑम्लेटमुळे. अंडं मी प्रवासात चालवून घेतो. वसईकर सगळं खात होता. इराचे नावाच्या गावी 1991 पासून एका मद्य कारखान्याने भिंतीला दोन नळ बसवले आहेत, एकाला पाणी आणि दुसऱ्याला लाल वाइन, यात्रेकरूंना फुकट. सकाळी साडेआठला हा गृहस्थ त्या दुसऱ्या नळाखाली शिंपला धरून उभा. शिंपला हे या वाटेचं चिन्ह आहे, प्रत्येकाच्या पाठपिशवीवर लटकलेला असतो. त्याचा असाही उपयोग आहे हे मला तेव्हा समजलं.

पुएन्ते ला रेइना गावातला पूल मात्र मी पोटभर बघितला. अकराव्या शतकात नावार राज्याच्या कोणा राणीने यात्रेकरूंसाठी तो बांधवला. राणी कोणती यावर मतभेद आहेत. आर्गा नदीवर सहा अर्धवर्तुळाकार कमानी दिसतात, सातवी जमिनीत गाडली गेली आहे. दोन कमानींच्या मधल्या खांबांना, पाण्याच्या पातळीच्या बरंच वर, छोट्या कमानदार खिडक्या ठेवल्या आहेत. पर्यटक त्यातून नदीचे फोटो काढतात. त्या आहेत पुरासाठी. पाणी चढलं की त्यातून निघून जावं, भिंतीवर दाब येऊ नये, आणि पुलाचं वजनही कमी व्हावं. खांबांची तोंडं नावेच्या नाळीसारखी टोकदार. हे सगळं करणाऱ्याचं नाव कुठेही कोरलेलं नाही. वसईकर पलीकडच्या काठावर बूट काढून बसला होता. माझी पाहणी संपेपर्यंत त्याची एक डुलकी झाली.

पुढे सिराउकी गाव उतरताना पायाखाली रोमन रस्ता येतो. कडेचे मोठे दगड अजून जागेवर आहेत, मधला भाग उखडलेला, आणि खालच्या ओढ्यावर रोमन पुलाची कमान. त्याच वाटेवर सालादो नावाची खारी नदी आहे. बाराव्या शतकात कोडेक्स कालिक्स्तिनुस हा ग्रंथ तयार झाला, त्याचा पाचवा भाग म्हणजे या यात्रेचं मार्गदर्शक पुस्तक. त्यात या नदीबद्दल धोक्याची सूचना आहे. घोड्याला इथलं पाणी पाजू नका, मरेल. काठावर दोघं नावारी चाकूला धार लावत बसले होते, पाणी चांगलं आहे असं त्यांनी आम्हाला सांगितलं, आणि आमचे दोन घोडे मेल्यावर त्यांनी लगेच कातडी सोलली, असं लेखक चिडून लिहितो. कुठली नदी गोड, कुठली विषारी, कुठे नावाडी लुबाडतात, कुठे माश्या फार, सगळं त्यात आहे. हा ग्रंथ 2011 मध्ये कॉम्पोस्तेलाच्या कॅथेड्रलमधून चोरीला गेला आणि वर्षभराने, तिथेच काम केलेल्या एका इलेक्ट्रिशियनच्या गॅरेजमध्ये सापडला.

लोग्रोन्यो शहरात पहिली ठिणगी पडली. तिथल्या सान्तियागोच्या चर्चच्या दारावर याकोब घोड्यावर स्वार आहे, हातात तलवार, घोड्याच्या टापांखाली मुसलमानांची मुंडकी. सान्तियागो मातामोरोस, मूर लोकांना मारणारा. 844 मध्ये क्लाविखोच्या लढाईत तो आकाशातून उतरला अशी कथा आहे. अशी लढाई झालीच नाही असं आजचे इतिहासकार मानतात. वसईकर बराच वेळ वर बघत राहिला.

"आमच्या चर्चमधला असा नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे काठी घेऊन उभा असतो."

त्या दिवशी तो फार बोलला नाही. मीही बोललो नाही. देवाला आणि संताला लढाईवर पाठवण्याचं काम माणसांनी सगळीकडेच केलेलं आहे, त्यात मी त्याला काय ऐकवणार.

मग सान्तो दोमिंगोचं गाव आलं. कॅथेड्रलमध्ये त्याची समाधी आहे, आणि समाधीसमोर भिंतीत उंचावर नक्षीदार खुराडं. त्यात जिवंत पांढरा कोंबडा आणि कोंबडी. कोणा जर्मन यात्रेकरूच्या मुलावर चोरीचा खोटा आळ आला, त्याला फाशी दिलं, आईबाप परतले तर मुलगा दोरावर जिवंत, कारण संताने खालून पाय धरून ठेवले होते. न्यायाधीश जेवायला बसला होता, म्हणाला, तो जिवंत असेल तर माझ्या ताटातली ही भाजलेली कोंबडीही जिवंत आहे. आणि कोंबडी उठली. त्या दिवशी गर्दी होती ती सगळी कोंबड्याकडे माना करून. तो आरवला तर यात्रा सफल होते म्हणे. रस्त्याचं काम केलेला माणूस खाली पडून, आणि लोक बघतात कोंबडा. मला त्यात काही नवल वाटलं नाही. मी गावाबाहेर पुलापर्यंत जाऊन आलो. आजचा पूल पुढच्या शतकांत दुरुस्त होत, वाढत गेलेला आहे, ओखाचं पात्र रुंद आणि गोट्यांनी भरलेलं. अशा पात्रात पाया घेणं सोपं नाही. नदी दर पुरात जागा बदलते. त्याची मूळ धर्मशाळा आता महागडं हॉटेल झाली आहे.

आम्ही राहिलो पुढच्या ग्रान्योन गावात. तिथल्या चर्चच्या मनोऱ्यातच आल्बेर्गे आहे. अरुंद गोल जिना चढून वर गेलं की लाकडी जमिनीवर गाद्या टाकलेल्या. भाडं नाही. दाराशी एक पेटी ठेवलेली, झाकण उघडं. जमेल तेवढं टाका, गरज असेल तर त्यातून घ्या, अशा अर्थाची पाटी. मला ही व्यवस्था बघून हिशेबतपासणीवाले आठवले. व्यवस्था बघणारी बाई होती निवृत्त नर्स. कधीतरी स्वतः ही वाट चालली होती आणि आता पंधरा दिवस बिनपगारी सेवेला आली होती. असे शेकडो स्वयंसेवक पाळ्या लावून येतात. तिने आल्याबरोबर माझ्या टाचेचा फोड बघितला आणि मला बटाटे सोलायला बसवलं. संध्याकाळी चाळीस माणसांचा स्वयंपाक आम्हीच केला, भांडीही घासली. तिला मी विचारलं, पेटीतून कोणी घेतं का? "घेतात," ती म्हणाली. "म्हणून तर उघडी आहे." शिल्लक किती राहते ते तिने सांगितलं नाही, आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

दोमिंगोचा एक शिष्य होता, हुआन. दाट ओका डोंगरात, जिथे लुटारूंचा सुळसुळाट होता, तिथे त्याने वाट काढली आणि एक मठ बांधला. गुरू पुलाच्या इंजिनिअरांचा संत, तर शिष्य इमारतींच्या बांधकामावर देखरेख करणाऱ्यांचा. म्हणजे डेप्युटी इंजिनिअरसुद्धा संत झाला. मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, "आपला हेडक्लार्क राहिला तेवढा."

बुर्गोसचं कॅथेड्रल मोठंच आहे, 1221 मध्ये सुरू झालेलं, जागतिक वारशात गेलेलं. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

त्यानंतर मेसेता लागतं, उंच पठार. बरेच जण हा टप्पा बसने ओलांडतात, काहीच नाही म्हणून. मे महिना होता. दोन्ही बाजूंना गुडघाभर हिरवा गहू, बांधावर लाल पॉपी, आणि वाट सरळ नाकासमोर. कास्त्रोखेरिसच्या अलीकडे ती एका पडक्या मठाच्या कमानीखालून जाते, सान आन्तोन. इथले साधू एका भयंकर रोगावर उपचार करायचे. हातापायांत आग पेटल्यासारखी वेदना, मग बोटं काळी पडून गळून जायची. लोक त्याला संत अँथनीची आग म्हणायचे. कारण नंतर कळलं. उत्तरेकडची गरीब माणसं राय धान्याची भाकरी खात, आणि ओल्या हवेत रायवर एक विषारी बुरशी धरते. यात्रेला निघालेला रोगी दक्षिणेला कास्तिल्यात आला की गव्हाचा पाव खायला लागायचा, विष थांबायचं आणि रोग उतरायचा. साधू आशीर्वाद देत, मलम लावत आणि पाव देत. बरं वाटायचं हे खरंच होतं. कमानीखाली भिंतीत दोन कोनाडे आहेत. दार बंद झाल्यावर उशिरा पोचणाऱ्यांसाठी त्यात अन्न ठेवलेलं असायचं. शतकांपूर्वी कोणीतरी उशिरा येणाऱ्याचा विचार भिंत बांधतानाच करून ठेवला होता. त्या कोनाड्यांत आता यात्रेकरू चिठ्ठ्या ठेवतात.

कारियोन गाव सोडलं की 17 किलोमीटर गाव नाही, झाड नाही, नळ नाही. ही जुनी रोमन सडक. भोवती सगळी माती, घरंसुद्धा मातीच्या विटांची, कारण दगडाची खाणच जवळ नाही. तरी रस्त्याला दगडाचा भराव आहे, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी तो कुठून तरी लांबून गाडीने आणला. भराव आजूबाजूच्या शेतापेक्षा वर उचललेला, पाणी दोन्हीकडे उतरतं. आदल्या रात्री चांगला पाऊस झाला होता, शेतात तळी साचली होती, आणि आम्ही कोरड्या पायांनी चालत होतो. वसईकर पुढे, हातात रोझरी, मराठीतून 'नमो मरिये' पुटपुटत. मी मागून चेनेज, म्हणजे रस्त्याचं अंतर, मोजत. दोघांचाही ताल एकच होता.

घरी फोन केला की वहिनी म्हणायच्या, "म्हणजे ती त्यांची वारीच की हो भावोजी!" मला ते पटत नसे, पण का ते इथे, या सरळ वाटेवर उमगलं. वारीत दिंडी चालते आणि तिच्याबरोबर सगळं बिऱ्हाड चालतं. ट्रक, राहुट्या, पाण्याचे टँकर, चुली, भाकऱ्या थापणाऱ्या बाया. तारीख ठरलेली, मुक्काम ठरलेले, लाखो माणसं एकाच दिवशी एका गावात आणि दुसऱ्या दिवशी ते गाव रिकामं. इथे उलट आहे. माणूस एकटा, वाटेल त्या दिवशी निघालेला, आणि त्याची सोय जागच्या जागी शतकानुशतकं उभी. पूल, विहीर, दवाखाना, पलंग. वारीची व्यवस्था बघायची तर आषाढात जावं लागतं; ही व्यवस्था रोज, गिऱ्हाईक असो-नसो, दार उघडून बसलेली असते. इंजिनिअर म्हणून कोणतं काम अवघड असं विचारलं तर मी दोन्हीकडे बोट दाखवीन. पण माणसं बोलायला लागतात ती इथे वेगळ्या कारणाने. टाळ नाही, अभंग नाही, बरोबर कोणी नाही. मग तिसऱ्या दिवशी परका माणूस आपल्याला त्याच्या घटस्फोटाची हकिगत सांगू लागतो.

ओस्पिताल दे ओर्बिगोचा पूल लांबलचक आहे आणि नदी त्याच्या एका कोपऱ्यात. वरच्या बाजूला गेल्या शतकात धरण झालं, पाणी अडलं, उरलेल्या कमानींखाली गवत वाढलं. याच पुलावर 1434 मध्ये सुएरो दे किन्योनेस या सरदाराने एका बाईच्या प्रेमापायी येणाऱ्या-जाणाऱ्या सरदारांना भाल्यांच्या द्वंद्वाला उभं केलं. वाहतुकीला इतका अडथळा मी नोकरीत कधी पाहिला नाही. पुढे दीड हजार मीटर उंचीवर लाकडी खांबावर लोखंडी क्रूस आहे. प्रत्येक जण घरून आणलेला दगड तिथे टाकतो. मित्राने आगाशीहून आणलेला काळा खडा टाकला, डोळे मिटून काही म्हटलं. मी बघितलं, त्या अख्ख्या ढिगात सह्याद्रीचा बेसॉल्ट तेवढा एकच असावा.

ओ सेब्रेइरो हे गालिसिया प्रांतातलं पहिलं गाव, तेराशे मीटर उंचीवर. धुकं, गोल दगडी भिंती, त्यांवर गवताने शाकारलेली छपरं. चर्चच्या बाहेर एका धर्मगुरूचा अर्धपुतळा आहे, एलियास बालिन्या. या वाटेवर मला सगळ्यात मोठा माणूस कोण वाटला, तर हा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यात्रा जवळपास बंद पडली होती. वाट कुठून जायची हेही गावागावांत विसरलं गेलं होतं. तिच्यावर शेतं आली होती, डांबरी रस्ते आले होते. या खेड्यातल्या पाद्रीने जुनी कागदपत्रं धुंडाळून त्यावर 1965 मध्ये प्रबंध लिहिला, आणि मग 1984 मध्ये पिवळ्या रंगाचे डबे आपल्या सित्रोएन गाडीत घालून तो पिरेनीजपर्यंत गेला. जिथे वाट फुटते तिथे झाडावर, भिंतीवर, दगडावर पिवळा बाण. रंग कुठला, तर रस्त्यावर पट्टे आखून उरलेला, असं सांगतात. हेही सांगतात की डोंगरात पोलिसांनी त्याला हटकलं, हे काय चाललंय म्हणून. तो म्हणाला, फ्रान्सकडून मोठी स्वारी येणार आहे, तिची तयारी करतोय.

1986 मध्ये कॉम्पोस्तेलाला पोचलेल्या यात्रेकरूंची नोंद अडीच हजारांच्या आसपास होती. 2024 मध्ये ती पाच लाखांच्या जवळ गेली. बालिन्या 1989 मध्येच वारला. ना टेंडर, ना कार्यारंभ आदेश, ना अंतिम देयक. मी त्या पुतळ्यासमोर टोपी काढली. वसईकर म्हणाला, "दोमिंगोसमोर नाही काढलीस."

"तिथे कोंबडा होता," मी म्हटलं.

गालिसियात पाऊस आणि गाई. तिथल्या सरकारने वाटेवर कोरीव दगड बसवले आहेत, उरलेलं अंतर दाखवणारे, आणि ते दशांश चिन्हापुढे तीन अंकांपर्यंत. म्हणजे मीटरपर्यंत अचूक! पायवाटेला! चिखलातून गाईचं शेण चुकवत जाणाऱ्याला पुढे एकशे एकावन्न किलोमीटर आणि आठशे अडतीस मीटर उरले हे कळून काय मिळतं, ते मला ठाऊक नाही, पण ज्या कोणा मोजणीदाराने हे केलं त्याला माझा नमस्कार.

सारिया गावापासून दृश्य बदलतं. प्रमाणपत्रासाठी शेवटचे 100 किलोमीटर चालले तरी पुरे, आणि सारिया त्या रेषेच्या थोडं अलीकडे. बसमधून माणसं उतरतात, स्वच्छ बूट, हलक्या पिशव्या, सामान पुढे टॅक्सीने गेलेलं. आम्ही कळकट म्हातारे त्यांच्याकडे नाकं वर करून बघत होतो. म्हणजे मी बघत होतो. वसईकर म्हणाला, "किती चाललो ते त्याला कळायला तुझं मोजमाप लागत नाही." आणि तो शाळेच्या पोरांच्या घोळक्यात सामील होऊन त्यांची गाणी म्हणू लागला, शब्द येत नसताना.

पोर्तोमारिन गाव डोंगरावर नवं बसवलंय. जुनं गाव मिन्यो नदीकाठी होतं, ते 1963 मध्ये बेलेसार धरणाच्या पाण्यात गेलं. मधल्या चौकातलं किल्ल्यासारखं चर्च मात्र जुनंच आहे. बाराव्या-तेराव्या शतकातलं ते चर्च दगड दगड सुटा करून वर आणलं आणि पुन्हा रचलं. दगडांवर घातलेले आकडे अजून दिसतात. मी भिंतीला हात लावत फिरलो. काही आकडे पुसट, काही काल रंगवल्यासारखे. काम उत्तम आहे, सांधा कुठे कळत नाही. गावाच्या पायथ्याशी जो उंच जिना चढून यावं लागतं, तो जुन्या पुलाच्या एका वाचलेल्या कमानीवर उभा केलेला. चौकात एक म्हातारी बाकावर बसली होती. खालचं गाव आठवतं का, असं मी मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं. ती म्हणाली, चर्च आणलं त्यांनी वर. मग हाताने नदीकडे दाखवून म्हणाली, आमची चेरीची झाडं नाही आणली. पुनर्वसनाच्या फायली मीही हाताळलेल्या आहेत. झाडांचा रकाना त्यांत असतो, भरपाईसुद्धा असते. मी तिला ते सांगायला गेलो नाही.

कॉम्पोस्तेलाच्या अलीकडे वाट विमानतळाच्या धावपट्टीला वळसा घालते, मग उपनगरं, सिग्नल, आणि एकदम जुनं शहर. चौकात सगळे फरशीवर उताणे पडलेले, बूट उशाला, नजर कॅथेड्रलच्या मनोऱ्यांवर. या देवळावर 997 मध्ये कोर्दोबाच्या अल-मन्सूरने स्वारी केली, शहर जाळलं, थडग्याला हात लावला नाही, पण घंटा नेल्या, ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यावरून. 1236 मध्ये कोर्दोबा पडलं तेव्हा त्याच घंटा परत आल्या, या वेळी मुसलमान कैद्यांच्या खांद्यावरून. आत तलवारवाला याकोब इथेही आहे. त्याच्या घोड्याच्या पायाशी आता फुलांची आरास ठेवतात, खालची मुंडकी दिसू नयेत एवढी दाट.

हाडांचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. 1589 मध्ये इंग्रजांच्या स्वारीच्या भीतीने ती लपवली, आणि इतकी चांगली लपवली की तीनशे वर्षं कोणाला सापडेनात. 1879 मध्ये खोदकामात सापडली, 1884 मध्ये पोपने ती खरी असल्याचं जाहीर केलं. मी मित्राला विचारलं, "त्याचीच कशावरून?"

तो रांगेत होता, थडग्याच्या पायऱ्या उतरायच्या बेतात. म्हणाला, "तू बांधलेल्या पुलात सळई किती गेली हे वरून जाणाऱ्याला माहीत असतं का? जातोच ना तो?"

तो खाली गेला तेवढ्यात मी मातेओला शोधलं. कॅथेड्रलचा पश्चिमेचा दगडी दरवाजा, दोनशेवर मूर्तींचा, हे या कारागिराचं काम. पट्टीवरच्या लेखात त्याचं नाव आणि 1188 हे साल आहे. दरवाजाच्या मागच्या अंगाला, मधल्या खांबाच्या बुडाशी गुडघे टेकलेली एक कुरळ्या केसांची मूर्ती आहे, ती त्याची स्वतःची मानतात. वर देव, संत, वाद्यं वाजवणारे चोवीस वृद्ध, आणि बांधणारा दाराकडे पाठ करून, वेदीकडे तोंड करून, जमिनीलगत. हुशारी यावी म्हणून विद्यार्थी पिढ्यानपिढ्या त्याच्या कपाळावर कपाळ आपटत आले. आता जवळ जाऊ देत नाहीत. राणीचा पूल बांधणाऱ्याला एवढीही जागा मिळाली नाही.

यात्रेकरूंच्या कचेरीत शिक्के तपासतात आणि चालण्याचं कारण विचारतात. धार्मिक, अंशतः धार्मिक, की आणखी काही. वसईकराने पहिल्यावर खूण केली आणि त्याला लॅटिनमधलं कॉम्पोस्तेला प्रमाणपत्र मिळालं, नावाचंही लॅटिन करून. मी पेन धरून उभा.

"काय लिहू रे?"

"साइट व्हिजिट लिही," तो म्हणाला.

मी तिसऱ्यावर खूण केली. त्यालाही वेगळं प्रमाणपत्र देतात, तेही सुरेख आहे.

संध्याकाळी कॅफेत शेजारच्या टेबलावर एक फ्रेंच सुतार भेटला, आमच्याच वयाचा. तो दुसऱ्या दिवशी परत निघणार होता, चालत, घरापर्यंत. पूर्वी सगळे तसेच जायचे, तेव्हा विमान नव्हतं. अडचण एकच, बालिन्याचे बाण फक्त पश्चिमेकडे बघतात. परतणाऱ्याला प्रत्येक फाट्यावर मागे वळून, बाण कुठून येतोय ते बघावं लागतं. येताना तो किनाऱ्याच्या वाटेने आला होता आणि आता आमच्या वाटेने जाणार होता. मी कागद मागवला. नकाशा काढायला बसलो. कुठे नळ आहे, कुठली उतरण पावसात निसरडी, कुठल्या मोरीपाशी बाण झाडीत लपलाय, 17 किलोमीटरच्या टप्प्याआधी पाणी कुठे भरायचं, ग्रान्योनचा मनोरा, तिथली पेटी. दोन्ही बाजू भरल्या.

वसईकर खांद्यावरून डोकावून म्हणाला, "आणि सारियाच्या पलीकडे तो गोठा आहे ना, तिथलं तपकिरी कुत्रं घाल."

मी गोठा काढला, शेजारी कुत्रं काढलं.

"चावतं का?" सुताराने विचारलं.

"नाही," वसईकर म्हणाला, "पण चीज असेल तर सोबत येतं. आमच्याबरोबर पुढच्या गावापर्यंत आलं होतं."

सुताराने खिशातून पेन्सिल काढली आणि कुत्र्याच्या खाली फ्रेंचमध्ये चीज असं लिहून ठेवलं.